ओहोटीत बांध बघणारी बाई

कुंदाताई कोड वाचायला बसल्या की आधी चपला काढायच्या. त्या टेबलाखाली नीट जोडून ठेवायच्या, दोन्ही पाय खुर्चीत वर घेऊन मांडी घालायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांनी स्क्रीनकडे बघत राहायच्या. नव्या माणसाला वाटावं, बाई पेंगताहेत. मलाही तसंच वाटलं होतं. ऑफिसातल्या पहिल्याच आठवड्यात मी शेजारच्या सायलीला हळूच विचारलं, की चष्म्याशिवाय यांना दिसतं तरी काय? सायली कीबोर्डवरची नजर न हलवता म्हणाली, "माझ्या चुका. तुझ्यापण दिसतील, थांब जरा."

आमचं ऑफिस अलिबागला एका बेकरीच्या माडीवर होतं. खाली भट्टी, वर आम्ही. दुपारी पाव भाजायला लागले की तो गरम वास जिन्यानं वर यायचा, मागच्या वाडीतल्या माडांच्या झावळ्यांची सावली भिंतीवर इकडून तिकडे सरकायची, आणि सगळ्या माडीला एक गोड गुंगी चढायची. ताई मला आठवतात त्या अशा, त्या गुंगीतल्या. मागे एका थंडीत त्या गेल्या, थोड्याशा आजारानं, कुणाला फारसं कळू न देता. पण दुपारच्या वेळी कुठेही ताज्या पावाचा वास आला की मला वाटतं, आता ताई डोळे न उघडता विचारतील, "मंदार, ह्यो कुठला पाव्हना रे?"

हा पाव्हना म्हणजे माणूस नव्हे. प्रोग्रॅममध्ये बाहेरून आलेला एखादा आकडा, एखादा शब्द, एखादा मेसेज. तो कुठून आला, वाटेत कुणी त्याची झडती घेतली का, आणि तो आता कुठे जाऊन बसणार आहे, एवढं कळल्याशिवाय ताई त्याला पुढे जाऊ द्यायच्या नाहीत. माणसांच्या बाबतीतही त्यांची तीच रीत होती. बेकरीवाल्याकडे नवा कारागीर आला, तर तो कुठला, कुणाचा, आधी कुठे होता, हे त्याला पहिला चहा मिळायच्या आत ताईंना ठाऊक असायचं. आम्ही त्यांची चेष्टा करायचो. त्या म्हणायच्या, "करा चेष्टा. इचारायला काय पैसं लागत न्हाईत."

आम्ही यंत्रांच्या पोटात बसणारे छोटे प्रोग्रॅम लिहायचो. पाण्याच्या पंपांचे, मासळी ठेवायच्या शीतपेट्यांचे, असल्या गोष्टींचे. सगळे 'सी' या जुन्या संगणकभाषेत. त्या भाषेबद्दल ताईंचं मत ठरलेलं होतं. "सी म्हंजे माझी थोरली आत्या. वाढताना ताट भरलं का बघत न्हाय. तू म्हन वाढ, ती वाढत जाते. आमटी ताटातनं पाटावर, पाटावरनं शेजारच्याच्या ताटात." आणि खरंच तसं होतं. प्रत्येक माहितीसाठी प्रोग्रॅममध्ये ठरावीक जागा राखलेली असते. तिच्यात मावेल त्याहून जास्त ओतलं, तर ते शेजारच्या जागेत सांडतं आणि तिथलं आधीचं पुसून टाकतं. असं सांडायला कुठे वाव राहिला, तर त्या वाटेनं कुणीही आत शिरून यंत्र आपल्या ताब्यात घेऊ शकतो. या वाटा बाहेरच्यांच्या आधी शोधून बुजवायच्या, हे ताईंचं काम. आणि ते त्या प्रोग्रॅम न चालवता करायच्या, नुसता वाचून.

मला सुरुवातीला हे काही पटेना. चालवून बघितलं की चुका दिसतातच ना, मी म्हटलं. ताई हसल्या. त्या पेणकडच्या, खाडीकाठच्या आगरी घरातल्या. माहेरी खारजमिनीतलं भात आणि थोडं मिठागर. खाडी आणि शेत यांच्या मध्ये मातीचा एक लांबच लांब बांध, आणि त्या बांधावर सगळ्या गावाचं पोट. त्यांचे वडील रोज ओहोटीला त्या बांधावरून चालत जायचे, खाली वाकून, एका हातात पहार घेऊन. खेकड्याचं बीळ दिसलं की तिथेच चिखलानं बुजवायचे. "भरतीला बांधावर कोन पन उभा ऱ्हातो," ताई म्हणाल्या. "तवा बघून काय उपेग? भोक दिसतं तवा पानी आत आलेलं असतं. बांध बघायचा तो ओहोटीला. कोरडा असताना. तू चालवून बघतोस ती भरती हाय."

हे सांगताना त्यांचा आवाज असा लांबून येत असे, की माडीच्या खिडकीबाहेर वाडीऐवजी खाडीच आहे असं वाटावं. साहेबांशी त्या पुस्तकात शोभेल असं शुद्ध बोलायच्या. पुण्याच्या मोठ्या कंपनीत आयुष्य घालवून, यजमान गेल्यावर परत आलेल्या त्या बाई. आमच्याशी मात्र गावचं बोलायच्या, आणि कोडशी तर फक्त गावचंच.

त्या कामाला आमच्याकडे एक सॉफ्टवेअर होतं. ते कोडची ओळ न ओळ वाचायचं आणि शंका आली की पिवळी खूण करायचं. खुणा ढीगभर, आणि त्यांतल्या बऱ्याच फुकटच्या. ताईंनी त्याचं नाव टिटवी ठेवलं होतं. टिटवी खारात उघड्यावर अंडी घालते, म्हणून कुत्रं दिसलं तरी ओरडते, माणूस दिसला तरी ओरडते, ढगाची सावली गेली तरी ओरडते. आम्ही वैतागून त्या पिवळ्या खुणांवर 'धोका नाही' असा शेरा मारून मोकळे व्हायचो. ताई तसं करू द्यायच्या नाहीत. "ती येडी हाय, पन तिला गप करायची न्हाय. उठायचं, बघायचं, काय नसंल तर परत येऊन बसायचं." मग त्या स्वतः एकेका खुणेपासून मागे मागे चालत जायच्या, प्रोग्रॅमच्या पार बाहेरच्या दारापर्यंत. पाणी कुठलं, हे कळलं तरच शेरा.

हे चालणं मी अनेक दुपारी पाहिलं. पाय वर, चष्मा कपाळावर, ओठांत काहीतरी पुटपुटणं. एकदा बराच वेळ झाला, हालचाल नाही. मी म्हटलं, "ताई, झोपलात?" त्या म्हणाल्या, "न्हाय रे. चाललेय." आणि मग, तशाच, त्यांनी मला एक स्वप्न सांगितलं. त्या मिठागरात आहेत. ऊन पडलंय. एकाला लागून एक वाफे, प्रत्येकाला वीतभर बांध, आणि पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात हळूहळू चाललंय. त्या पाण्याबरोबर चालताहेत. कुठल्या वाफ्यात किती मावतं, ते त्यांच्या तळपायांना कळतंय. शेवटच्या वाफ्यात मीठ धरलंय, पांढरं, बगळ्यांइतकं पांढरं. "मंग जागी झाले," त्या म्हणाल्या, "नि ओळ सापडली. सायलीला सांग, शेवटच्या वाफ्याला बांधच न्हाय." सायलीनं बघितलं. खरंच नव्हता.

सायली हुशार आणि तापट. आपल्या कोडला कुणी बोट लावलेलं तिला खपायचं नाही. शीतपेटीच्या प्रोग्रॅममध्ये ताईंनी एक वाट काढून दाखवली, तेव्हा ती फणकारली, "पण असं कोण मुद्दाम करणार आहे, ताई? मासळीच्या पेटीचं वैर कुणाला?" ताई डब्यातली भाकरी मोडत होत्या. वांगं-सुकटीचा वास आमच्या नागावच्या वाडीतल्या शाकाहारी नाकाला झोंबत होता, आणि ते ठाऊक असून त्या डबा मुद्दाम माझ्याच बाजूला सरकवत असत. "खेकरा काय आपला वैरी असतो का गो?" त्या म्हणाल्या. "त्याला घर पायजे, तो बीळ पारतो. गाव बुडवायचं त्याच्या मनात पन नसतं. भोक असलं ना, मंग वैरी लागत न्हाय." थोड्या वेळानं सायलीनं ताईंच्या डब्यातली सुकट घेतली, तेव्हा मी समजलो की भांडण मिटलं.

आता बाळारामची गोष्ट सांगायला हवी, कारण ताई मला पूर्ण कळल्या त्या तिथे.

बाळाराम ताईंचा थोरला भाऊ, त्यांचा दादूस. वडिलांमागे गावच्या बांधाची उघाडी त्याच्याकडे आली होती. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातलं फळ्यांचं दार. ओहोटीला ते उघडून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती लागायच्या आत बंद करायचं. पावसाळाभर, रोज. एकदा जरी बंद करायचं राहिलं आणि खारं पाणी भातात शिरलं, तर ते पीक तर जातंच, पण पुढची काही वर्षं जमीन रुसून बसते. एका पावसाळ्यात शेवाळलेल्या फळीवरून बाळाराम घसरला, पाय मोडला आणि कायमचा लंगडा झाला. त्यानंतर त्यानं आमच्या साहेबांकडून एक यंत्र करवून घ्यायचं ठरवलं. मोबाइलवरून मेसेज पाठवायचा, की उघाडी आपोआप उघडेल किंवा बंद होईल. गाव काही चटकन तयार झालं नाही. खाडीशी खेळ नको, म्हणाले. बाळारामनं सगळ्यांना एकच वाक्य ऐकवलं. "माजी भैन हाय तिथं. ती बघल्याबिगर काय सोडीत न्हाय." त्या एका वाक्यावर गाव राजी झालं.

कोड सायलीनं लिहिला, आणि मन लावून लिहिला. गावच्या माणसाला इंग्रजी आज्ञा कशाला शिकवायच्या, म्हणून मेसेजमध्ये कुठेही 'उघड' किंवा 'बंद' हा मराठी शब्द दिसला की यंत्राला कळेल अशी सोय केली. आधी नंबर बघायचा, आणि एकाच नंबरवरून आलेला मेसेज आत घ्यायचा, बाळारामच्या. तोही नंबर यंत्राच्या पोटात लिहून ठेवला. टिटवी त्या कोडवर बरीच ओरडली, आणि ताई एकेक खूण घेऊन चालत राहिल्या. एका खुणेशी मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. मेसेज आत घेताना तो किती लांब आहे हे मोजलेलं नाही, एवढंच टिटवीचं म्हणणं. ताई मागे मागे गेल्या. वाट बाळारामच्या फोनपाशी पोचली. ताईंच्या चेहऱ्यावर हसू आलं, असं हसू माहेरच्या आठवणीनंच येतं. "ह्यो पाव्हना न्हाय," त्या म्हणाल्या. "घरचा हाय." आणि त्यांनी शेरा मारला, धोका नाही.

आषाढ सरत असताना यंत्र बसवलं. आम्ही तिघं गेलो होतो. ढग खाली उतरलेले, भाताचे कोंब नुकते लागलेले, आणि सगळा खार इतका ओला आणि हिरवा, की बांध कुठे संपतो आणि आभाळ कुठे लागतं ते कळेना. सायलीनं आपल्या फोनला तात्पुरती परवानगी देऊन 'उघड' असा मेसेज पाठवला. दार सरसरत वर गेलं. 'बंद' पाठवला, खाली आलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. नारळी पौर्णिमेपासून यंत्राच्या हवाली करायचं ठरलं, म्हणजे भाद्रपदातल्या मोठ्या उधाणाच्या आधी सगळ्यांचा हात बसेल. बाळारामनं आपला लंगडा पाय चोळला आणि यंत्राच्या पेटीकडे असं बघितलं, की मला भरून आलं.

मग त्याच्या घरी जेवण. तांदळाची भाकरी, कोळंबीचं कालवण, आणि माझ्यासाठी वालाचं बिरडं. जेवताना बाळारामनं फोन काढला आणि ताईंना दाखवला. "मी बी तयारी केलीय. ह्यो बघ, पाठवायचा मेसेज लिवूनच ठेवलाय." ताईंनी डाव्या हातात फोन घेतला, चष्मा खाली ओढला. मेसेजमध्ये आधी गावदेवी होती, मग खाडीमाता, मग कुलदैवत, मग बापाचं नाव, मग सगळ्या गावाला सुखी ठेव, आणि पार शेवटी, उघाडी उघड.

"दादूस, ह्यो सगला पाठवनार?"

"मंग? आपला बापूस देवाचं नाव घेतल्याबिगर कवा फली हलवायचा काय?"

"दर येली?"

"देवाला दर येलीच लागतं, कुंदे."

ताईंचा घास हातातच राहिला. मी त्यांच्याकडे बघत होतो म्हणून मला दिसलं. सायलीनं जागा राखताना इंग्रजी अक्षरांचा हिशेब धरला होता. मराठी अक्षराला यंत्रात त्याच्या तिप्पट जागा लागते. एवढे देव आणि वाडवडील त्या वाफ्यात मावणार नव्हते. ते सांडणार होते, आणि शेजारच्या वाफ्यात काय होतं, हे ताईंना पाठ होतं. तिथे बाळारामचा नंबर होता. तो पुसला जाणार होता. म्हणजे बाळारामनं देवाचं नाव घेऊन ओहोटीला उघाडी उघडायची, आणि भरती लागताना 'बंद' म्हणून कितीही ओरडायचं. यंत्र त्याला ओळखणारच नाही.

त्या पुढे जेवल्या नाहीत. हात धुऊन आल्या आणि सायलीच्या कानाशी म्हणाल्या, "बांधावर जा आणि पेटीची वायर काढून ये." परतीच्या वाटेवर गाडीत त्या काचेला डोकं टेकून बसल्या होत्या. पेण मागे पडलं तेव्हा बोलल्या. "वाट घरापर्यंत आली नि मी उंबऱ्यात थांबले. आत जाऊन बघितलंच न्हाय."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात टेबलावरच्या नमुन्याला बाळारामचा मेसेज जसाच्या तसा पाठवला. छोटी मोटर गुणगुणली, छोटं दार वर गेलं. मग त्याच फोनवरून 'बंद' पाठवला. दार हललं नाही. पुन्हा पाठवला. खाली पाव भाजले जात होते, वास येत होता, आणि आम्ही सगळे त्या वीतभर उघड्या दाराकडे बघत होतो. सायलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नको. टिटवी वरडली होती. मी गप केली तिला."

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. चूक एका ओळीची, ती आज दुरुस्त करा आणि ठरल्या दिवशी यंत्र सुरू करा. फार तर भावाला सांगा, एकच शब्द पाठव. ताई उभ्याच होत्या. "ती ओळ आजच बदलते, साहेब. पण एका ठिकाणी मी आपलेपणानं डोळे झाकले. आणखी कुठे झाकलेत, ते मला माहीत नाही. सगळं पहिल्यापासून वाचायला हवं, आणि ते उधाणाच्या आत होणार नाही. तोवर त्या पेटीला वीज द्यायची नाही." साहेबांनी विचारलं, गावाला काय सांगायचं? "ते मी सांगते," ताई म्हणाल्या.

आणि त्यांनी ते सांगितलं, देवळाच्या मंडपात, सगळ्या गावासमोर. चूक कुणाची हे सांगताना सायलीचं नाव घेतलं नाही, साहेबांचं घेतलं नाही, बाळारामच्या मेसेजबद्दल चकार शब्द काढला नाही. मी बघायला हवं होतं, मी बघितलं नाही, म्हणून या उधाणाला यंत्र नको, एवढंच. मागून कुणीतरी हसलं. कुणीतरी बोललं, "बाला, भैनीच्या जीवावर लय उड्या मारीत होतास." बाळाराम उठला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. खाडीच्या पाण्यानं बांध फुटून पडलेल्या भगदाडाला तिकडे खांड म्हणतात. तो म्हणाला, "खाडीनं आजपातूर जी खांड पारली न्हाय, ती तू पारलीस, कुंदे. माज्या घरात." आणि लंगडत निघून गेला.

नारळी पौर्णिमेला तो राखीला आला नाही. ताईंनी राखी पोस्टानं पाठवली, ती पोचल्याचं कळलं नाही. गणपतीला माहेरून बोलावणं आलं नाही. आमच्या ऑफिसात मोदक आले तेव्हा ताईंनी एक घेतला, टेबलावर ठेवला आणि संध्याकाळपर्यंत तो तिथेच होता. मला त्या गावाचा राग यायचा, बाळारामचा यायचा, खरं सांगायचं तर त्या यंत्राचाही यायचा. ताईंना कुणाचाच आला नाही. त्या वाचत होत्या.

ते सगळे आठवडे मला एका लांब दुपारीसारखे आठवतात. बाहेर पाऊस थांबून थांबून पडायचा, झावळ्यांवरून थेंब निथळायचे, आणि ताई पहिल्या ओळीपासून चालत निघालेल्या. आपणच मारलेले शेरे त्यांना वाटेत भेटायचे. प्रत्येकापाशी त्या थांबायच्या, एखादी अनोळखी बाई दारात उभी असावी तशी त्याची विचारपूस करायच्या. बरेचसे बरोबर निघाले. एक नव्हता. तो सापडला त्या दिवशी त्यांनी मला बोलावून दाखवला आणि म्हणाल्या, "बघ, हितं पन मी होते." सायलीनं एकदा सुचवलं, की लांब मेसेज यंत्रानं घेऊच नये, सरळ टाकून द्यावा. ताईंनी मान हलवली. "देवांना जागा कमी पडता कामा नये, बाई. आधी मोज, मंग जागा घे. त्याच्याहून जास्त आले तर दारातनंच हात जोडून परत पाठव. पन दादूसचे सगले देव मावले पायजेत."

ते मावले. यंत्र पुढच्या पावसाळ्यात सुरू झालं, अजून चालतं, आणि बाळाराम अजून तोच मेसेज पाठवतो म्हणे. पण ते बघायला ताई राहिल्या नाहीत. उधाणानंतर थोड्याच दिवसांत मी दुसऱ्या नोकरीवर गेलो, आणि थंडीत सायलीचा फोन आला. म्हणून मला त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते त्या उधाणाच्या दिवसाचंच.

अनंत चतुर्दशीला गणपती गेले होते आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी पाणी चढणार होतं. ताई म्हणाल्या, मला जायचंय. बोलावणं नव्हतं, तरी गेलो. बांधाच्या एका टोकाला आम्ही उभे राहिलो, आणि दुसरीकडे, उघाडीपाशी, गावातले गडी फळ्यांच्या फटींत चिखल कोंबत होते. बाळाराम सगळ्यांत खाली, कमरेपर्यंत पाण्यात, मोडका पाय फळीला रोवून. मी ताईंकडे बघायचं टाळत होतो. तो तिथे पुन्हा घसरला असता, तर ती चूकही ताईंनी आपल्याच नावावर लिहिली असती.

पाणी आवाज न करता चढत गेलं. लाटा नाहीत, काही नाही, नुसतं चढत गेलं. खाडी बांधाच्या उंचीला आली तेव्हा आमच्या एका बाजूला सगळं चकाकणारं राखाडी पाणी होतं आणि दुसऱ्या बाजूला, कितीतरी खाली, भात डुलत होतं. मध्ये आम्ही, मातीच्या एका रेघेवर. किती वेळ तसे उभे होतो कोण जाणे. मग बांधाच्या अंगावर ओल्या मातीची एक बारीक पट्टी दिसायला लागली. पाणी उतरत होतं.

गडी वर आले, अंगावरचा चिखल पुसत, तंबाखू मळत घराकडे निघाले. आमच्याजवळून जाताना एक म्हातारा म्हणाला, "काय न्हाय झालं. उगाच घाबरलो." ताई त्याला म्हणाल्या, "व्हय, काका." एवढं सगळं करून कुणाला काही कळलंच नाही, याचं मला फार वाईट वाटलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. "आपल्या धंद्यात याच्यापरीस मोठं काय होत न्हाय रे, मंदार," त्या म्हणाल्या. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

बाळाराम एकटाच मागे राहिला होता. तो शेताच्या बाजूनं खाली उतरला, उघाडीच्या आतल्या चरात वाकला, पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. खारं कुठून झिरपलं, की पाणी गोडंच, म्हणजे तिकडच्या बोलीत 'गोरं', राहिलं, ते असंच बघतात. मग तो बराच वेळ तसाच उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. पुन्हा वाकला. या खेपेला त्यानं ओंजळ भरली, आणि ती ओंजळ सांभाळत, लंगडत, बांधाचा चढ चढायला लागला. मी पुढे होणार होतो, ताईंनी माझं मनगट धरलं. प्रत्येक पावलाला पाणी बोटांतून गळत होतं. तो ताईंसमोर येऊन थांबला तेव्हा तळहाताच्या खळग्यात जेमतेम चमचाभर उरलं होतं. त्यानं हात पुढे केला.

ताईंनी बोट बुडवलं, जिभेवर टेकवलं.

"गोरं हाय, दादूस," त्या म्हणाल्या.

"मना ठावं हाय," तो म्हणाला, आणि हात तसाच पुढे धरून उभा राहिला.